वाचक विचारतात : तेल खाली भरलं केव्हा, आणि कुठल्या बाजूने?

मागच्या अंकातल्या माझ्या लेखात मी म्हटलं होतं की जमिनीखालचा तेलाचा साठा एका दमात भरत नाही. तो हप्त्याहप्त्याने भरतो, आणि कोणता हप्ता कुठून आला हे तेलाच्या आणि दगडाच्या रसायनावरून सांगता येतं. त्यावर बरीच पत्रं आली. बडोद्यात प्रत्येक चौथ्या घरात कोणी ना कोणी तेलाच्या नोकरीत होतं किंवा आहे, त्यामुळे प्रश्नही नेमके आलेत. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत कच्च्या तेलाचे नमुने तपासण्यात गेली, तेव्हा उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

रावपुऱ्यातून एक वाचक : ताई, माझे वडील कोयलीच्या रिफायनरीत होते. ते म्हणायचे, हे तेल कोट्यवधी वर्षांचं आहे. तुम्ही मात्र तेलाचं वय वेगळं आणि साठा भरल्याचा काळ वेगळा धरता. असं कसं? आणि घड्याळ कुठलं लावता?

वडिलांचं म्हणणं बरोबरच होतं. फक्त इथे वयं तीन आहेत आणि तिन्ही वेगळी ठेवावी लागतात. पहिलं वय ज्या दगडात तेल तयार झालं त्याचं. आपल्या खंभात खोऱ्यात तो दगड म्हणजे मुख्यतः खंभात शेल (शेल म्हणजे बारीक चिखल घट्ट होऊन झालेला दगड). दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, त्यानंतर खोरं खचत गेलं आणि त्यात हा गाळ साचला, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी. सुरतजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत याच काळातल्या थरांत झाडांच्या चिकाचा अंबर सापडतो, त्यात किडेसुद्धा अडकलेले आहेत. असं रान काठावर होतं, म्हणून आपल्या तेलात जमिनीवरच्या झाडांच्या खुणा भरपूर.

दुसरं वय तेल तयार होण्याचं. शेल साचली म्हणून लगेच तेल होत नाही. ती गाडली जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात बराच काळ राहावी लागते. तिसरं वय ते तेल वाटचाल करून वालुकाश्मात शिरलं आणि तिथे अडकलं त्याचं. तुमचा प्रश्न या तिसऱ्या वयाबद्दल आहे, आणि तेच शोधायला सगळ्यात कठीण. कारण तेल वाहतं, मिसळतं, आणि आपण कधी आलो याची नोंद स्वतःत फारशी ठेवत नाही. नोंद ठेवतो तो दगड.

माझ्या सगळ्यात आवडीची पद्धत सांगते. वालुकाश्मातल्या क्वार्ट्झच्या कणांवर खोल जमिनीत नवं क्वार्ट्झ चढत असतं. कणाला बारीक तडा गेला की तोही याच क्वार्ट्झने बुजतो. बुजताना आजूबाजूला जे द्रव असेल त्याचा थेंब आत कोंडला जातो. तिथे पाणी असेल तर पाणी, तेल असेल तर तेल. थेंबाचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसतं ‘इन्क्लूजन’ म्हणतो.

दगडाची पातळ चकती दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करायची. ती कापताना तापू द्यायची नाही, नाहीतर थेंब फुगून त्याची कोठडी ताणली जाते आणि पुढचं सगळं मोजमाप फुकट जातं. चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की साध्या उजेडात क्वार्ट्झ स्वच्छ दिसतं आणि त्यात ठिपक्यांच्या रांगा दिसतात. मग साधा दिवा बंद करून अतिनील दिवा लावायचा. क्वार्ट्झ काळोखात जातं, पाण्याचे ठिपकेही दिसेनासे होतात, आणि तेलाचे तेवढे चमकतात. कुठे पिवळट, कुठे निळसर पांढरे. एकाच कणात एक रांग पिवळी आणि तिला छेदून जाणारी दुसरी रांग निळी दिसली, तर दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळी तेलं इथून गेली असा अंदाज बांधता येतो. मात्र नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. रंग तेलाच्या घडणीवर ठरतो, निव्वळ पक्वतेवर, म्हणजे ते किती तापून तयार झालं यावर नाही.

आता काळ कसा काढायचा? त्याच रांगेतला पाण्याचा थेंब शोधायचा, म्हणजे तेलासोबत त्याच वेळी कोंडला गेलेला. त्यात एक बारीक बुडबुडा असतो. चकती हळूहळू तापवत नेली की बुडबुडा लहान होत जातो, थेंबात इकडून तिकडे थरथरत फिरतो आणि एका क्षणी नाहीसा होतो. त्या क्षणाचं तापमान लिहून घ्यायचं. थेंब कोंडला गेला तेव्हा दगड निदान एवढा तापलेला होता. तेलाचा थेंब याहून कमी तापमान दाखवतो, म्हणून भरवसा पाण्यावर ठेवायचा. हा थर कोणत्या काळी किती खोल होता आणि किती तापला होता याचा आलेख भूशास्त्रज्ञ आधी मांडतात. मोजलेलं तापमान त्या आलेखावर जिथे बसेल, तो तेल येण्याचा काळ. आलेख चुकला तर काळही चुकला. म्हणून एकट्या प्रयोगशाळेने तारीख जाहीर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं घड्याळ इलाइट नावाच्या मातीच्या खनिजाचं. वालुकाश्मातल्या पोकळ्यांत पाणी असेपर्यंत इलाइटचे तंतू वाढतात. तेल आलं की पाणी हटतं आणि वाढ थांबते किंवा फार मंदावते. पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने, म्हणजे किरणोत्सारी पोटॅशियमपासून किती अरगॉन झाला ते मोजून, सगळ्यात बारीक, म्हणजे सगळ्यात शेवटी वाढलेल्या तंतूंचं वय काढलं की तेल त्यानंतर आलं असं म्हणता येतं. पण नमुन्यात जुन्या अभ्रकाची किंवा फेल्डस्पारची थोडी जरी भेसळ झाली तरी वय उगाच जास्त निघतं.

तिसरं घड्याळ थेट तेलातलं, रेनियम आणि ऑस्मियमचं. रेनियम-१८७ चं ऑस्मियम-१८७ मध्ये रूपांतर होतं, आणि त्याचं अर्धायुष्य ४,००० कोटी वर्षांहून जास्त आहे. कॅनडातल्या अल्बर्टाच्या तेलवाळूचं वय सेल्बी आणि क्रीझर यांनी २००५ साली या पद्धतीने सुमारे ११.२ कोटी वर्षं काढलं. मात्र हे वय बहुतेक वेळा तेल तयार होण्याचं धरतात. सापळ्यात, म्हणजे तेल जिथे अडकून साठतं त्या जागी, शिरण्याचं नाही.

फतेहगंजहून एक विद्यार्थिनी : काकू, मी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकाच साठ्यातल्या दोन विहिरींच्या तेलात फरक का पडतो? आत सगळं मिसळून एकजीव व्हायला नको का?

छान विचारलंस. इतकी वर्षं अभियंत्यांशी माझा वाद झाला तो नेमका याच मुद्द्यावर. साठा म्हणजे टाकी आहे असं धरून चाललं की हा फरक ‘नमुना खराब असेल’ म्हणून उडवून लावला जातो. तसं करू नये.

आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत लवकर आलेले लोक आत, भिंतीकडे बसतात आणि उशिरा आलेले दाराशी. साठ्यातही तेल एका बाजूने शिरतं. आधी आलेलं तेल पुढे, दूरवर ढकललं जातं, आणि शेवटी आलेलं आत येण्याच्या वाटेजवळ राहतं. खालची शेल जसजशी जास्त तापते तसतसं तिच्यातून निघणारं तेल जास्त पक्व होत जातं. म्हणजे साठ्यात ज्या टोकाला सगळ्यात पक्व तेल मिळेल, ते भरण्याचं टोक. इंग्लंड, मॅकेन्झी, मान आणि क्विग्ली यांनी १९८७ साली हे नीट मांडलं. पुढे उत्तर समुद्रातल्या फोर्टीजसारख्या क्षेत्रांत असे फरक आजही टिकून असल्याचं दिसलं.

मिसळत का नाही? खालीवर, दहा-वीस-पन्नास मीटर जाडीत, तेल रेणूंच्या संथ हालचालीने लाखो वर्षांत मिसळू शकतं. पण आडव्या अंतराचं गणित वेगळं आहे. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. दोन विहिरींत पाच किलोमीटर असतील तर वेळ कोटींच्या घरात जातो, आणि मध्ये शेलचा पडदा किंवा भ्रंश (थर तुटून सरकल्याची भेग) असेल तर त्याहून जास्त.

आता पक्वता मोजायची कशाने? स्टेरेन नावाच्या, जुन्या सजीवांकडून आलेल्या रेणूंचे दोन प्रकार, २०-एस आणि २०-आर. जिवंत पेशीतून फक्त आर येतो, आणि उष्णतेने त्याचा काही भाग एस होत जातो. दोन्ही मिळून त्यात एस किती, हे गुणोत्तर शून्यापासून चढतं आणि अर्ध्याच्या जरा वर जाऊन थांबतं. तिथे पोचलेल्या दोन तेलांत हे गुणोत्तर भेद करू शकत नाही. अशा वेळी मिथाइल-फेनॅन्थ्रिनसारख्या ‘अॅरोमॅटिक’, म्हणजे कार्बनची कडी असलेल्या रेणूंकडे वळायचं. आणि एक कळकळीचं सांगणं. दोन विहिरींतला फरक खरा मानण्याआधी तोच नमुना पुन्हा चालवून बघ. यंत्राचा स्वतःचा चढउतार किती आहे हे ठाऊक नसताना साठ्याचा चढउतार सांगू नये.

तेल किती लांबून आलं हे सांगणारी खूणही आहे म्हणतात. लार्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली बेंझोकार्बाझोल या नायट्रोजन असलेल्या रेणूंची जोडी पुढे केली. वाटेत दगडाला चिकटून तिच्यातला एक रेणू जास्त गळतो, म्हणून गुणोत्तरावरून अंतर. कल्पना सुंदर आहे. पण मूळ शेल बदलली किंवा पक्वता बदलली तरी हे गुणोत्तर बदलतं, हे पुढे अनेकांनी दाखवलं. तू प्रकल्पात वापरणार असशील तर इतर पुराव्यांच्या जोडीनेच वापर.

मांजलपूरहून एक वाचक : जमिनीखालचे जीवाणू तेल खातात असं वाचलं. मग एवढं तेल शिल्लक कसं?

खातात, पण सगळीकडे नाही. साठ्याचं तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यांचं काम थांबतं. एकदा इतका तापलेला थर पुढे वर उचलला जाऊन थंड झाला, तरी बऱ्याचदा तो निर्जंतुकच राहतो, असं २००१ साली विल्हेल्म्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आपल्या खोऱ्यात खोलीसोबत तापमान नेहमीपेक्षा भरभर चढतं, त्यामुळे फार खोल नसलेले साठेही वाचतात.

पण तुमच्या प्रश्नात साठा भरण्याची एक मोठी खूण दडलेली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जीवाणू आधी सरळ साखळीचे अल्केन (कार्बन-हायड्रोजनचे साधे रेणू) खातात, मग फांद्या असलेले, आणि अगदी शेवटी होपेनसारखे चिवट रेणू. होपेनमधला एक कार्बन गेला की २५-नॉरहोपेन उरतात. म्हणजे २५-नॉरहोपेन दिसले की तेल फार खाल्लं गेलं आहे, आणि अशा तेलात सरळ अल्केन उरलेलेच नसायला हवेत.

आता गॅस क्रोमॅटोग्राफचा, म्हणजे तेलातले रेणू सुटे करून दाखवणाऱ्या यंत्राचा, कागद डोळ्यापुढे आणा. खाल्लेल्या तेलाचा आलेख म्हणजे एक लांबट उंचवटा. सुटे न होणारे हजारो रेणू एकत्र चढलेले. ताज्या तेलाचा आलेख म्हणजे सारख्या अंतरावर उभे सरळ टोकदार सुळके. आणि कधीकधी तो उंचवटाही असतो आणि त्याच्या पाठीवर सुळकेही नीट उभे असतात. मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, १७७ वजनाचा आयन लावला की २५-नॉरहोपेनही हजर. एकाच तेलात दोन्ही एकत्र असण्याचा सरळ अर्थ असा की साठा आधी एकदा भरला, उथळ आणि थंड असताना जीवाणूंनी तो खाल्ला, मग खोरं आणखी खचून साठा तापला, जीवाणू मेले, आणि त्यानंतर खालून नवं तेल आलं. दोन हप्ते आणि त्यांच्यामधला काळ, तिन्ही एका बाटलीत.

मात्र जड तेल दिसलं की लगेच जीवाणूंवर खापर फोडू नका. अपक्व शेलमधून निघालेलं तेलही जडच असतं. महेसाण्याकडच्या बलोल आणि सांथलचं तेल इतकं घट्ट की खाली हवा सोडून, साठ्यातच थोडं तेल जाळून ते पुढे ढकलतात. असं तेल का जड आहे हे रेणू पाहून ठरवायचं, दाटपणा पाहून नाही.

दांडिया बाजारातून एक वाचक : पादऱ्याला काळ्या दगडातून तेल निघतं हे खरं का? लाव्हात तेल कसं तयार होईल?

खरं आहे. आणि लाव्हात तेल तयार होत नाही हेही खरं. बडोद्याच्या इतक्या जवळ असं उदाहरण आहे आणि आपल्या मुलांना ते माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पादरा खोऱ्याच्या पूर्वेच्या, चढत्या काठावर आहे. पश्चिमेला भरूचच्या बाजूचा खोलगट भाग. तिथे खंभात शेल खोल गाडली गेली आणि तापली. तेल पाण्याहून हलकं, ते चढणीने वर सरकणार. काठाकडे सरकता सरकता ते दख्खनच्या पाषाणाच्या भेगा आणि पोकळ्यांत शिरलं आणि तिथेच अडकलं. पाषाण वयाने शेलपेक्षा मोठा, तरी त्यात तेल धाकट्या शेलचं. हे नातं पटवायला बोटांच्या ठशांसारखे उपयोगी पडणारे बायोमार्कर, म्हणजे जुन्या सजीवांची ओळख जपणारे रेणू आहेत. तेलात ओलिअनेन सापडलं, म्हणजे फुलझाडांचा अंश, तर ते ज्या काळात फुलझाडं मुबलक होती त्याच काळातल्या गाळातून आलं. त्याला कार्बनच्या समस्थानिकांची जोड द्यायची, आणि शेलमधून काढलेल्या अर्काशी तेल ताडून पाहायचं.

अशा दगडात क्वार्ट्झचे कण नसतात, मग इन्क्लूजन कुठे शोधायचे? दख्खनच्या पाषाणातल्या भेगा कॅल्साइट आणि झिओलाइट या खनिजांनी भरलेल्या तुम्ही कुठल्याही खाणीत पाहिल्या असतील. भेगेत कॅल्साइट वाढत असतानाच तेल आलं असेल, तर त्याचे थेंब कॅल्साइटमध्ये कोंडलेले मिळतील. पण कॅल्साइट क्वार्ट्झपेक्षा मऊ आणि सहज ताणलं जाणारं, त्यामुळे तिथली तापमानं दुप्पट जपून वाचावी लागतात.

अकोट्याहून एक वाचक : रिकामी विहीर काही वर्षं बंद ठेवली तर पुन्हा भरते का?

नाही. उपसा थांबवला की साठ्यातला दाब थोडा सावरतो, आजूबाजूचं उरलेलं तेल विहिरीकडे सरकतं आणि काही दिवस उत्पादन वाढल्यासारखं वाटतं. ते आधीपासून तिथेच असलेलं तेल. खालून नवं तेल येण्याचा वेग लाखो वर्षांच्या हिशेबातला आहे.

कारेलीबागेतून एक वाचक : विहीर कोरडी निघाली म्हणजे तिथे तेल कधी आलंच नाही, असं समजायचं का?

मुळीच नाही, आणि हा प्रश्न विहीर खोदणाऱ्या प्रत्येकाने विचारायला हवा. सापळा पूर्वी भरलेला असेल आणि नंतर फुटला असेल. तेल निघून जातं, पण क्वार्ट्झमध्ये कोंडलेले थेंब जात नाहीत. ऑस्ट्रेलियात यासाठी एक सोपी मोजणी रूढ झाली. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या किती कणांत तेलाचे इन्क्लूजन आहेत त्याची टक्केवारी काढायची. पाच टक्क्यांच्या वर असेल तर इथे एकेकाळी तेलाचा साठा होता असं धरतात. एक टक्क्याच्या खाली असेल तर थर बहुधा कायम पाण्याचाच राहिला. टिमोर समुद्रातल्या काही ‘कोरड्या’ सापळ्यांत या मोजणीने जुन्या, गळून गेलेल्या तेलसाठ्यांच्या खुणा सापडल्या. ऑस्ट्रेलियाचा काठ टिमोरवर जाऊन भिडला, जुने भ्रंश पुन्हा हलले आणि सापळे फुटले.

शोधणाऱ्याला याचा मोठा उपयोग. तेल कधीच आलं नसेल तर वाट चुकली, शेजारच्या सापळ्यांवरही खर्च करण्याआधी विचार करावा. पण येऊन गेलं असेल, तर वाट बरोबर आहे आणि न फुटलेला शेजारी शोधावा. आणखी एक शक्यता. विल्यम गसो यांनी १९५४ साली दाखवलं की नंतर आलेला वायू सापळ्याच्या माथ्यावर बसतो आणि तेलाला खालून बाहेर रेटतो. ते तेल चढणीवरच्या पुढच्या सापळ्यात जातं. म्हणून खोल सापळ्यात वायू आणि काठाच्या उथळ सापळ्यात तेल, असा क्रम निघाला तर गोंधळून जाऊ नये.

वाडीतून एक वाचक : वडील अंकलेश्वरला ड्रिलिंगवर होते. त्यांनी आणलेला गोल दगडाचा तुकडा आमच्याकडे कागदांवर ठेवायला वापरतात. त्यावर पांढऱ्या रंगात काही आकडे आहेत. वासही येत नाही आता. टाकून द्यावा का?

कृपा करून टाकू नका! तो कोअरचा, म्हणजे विहीर खोदताना खालून कापून काढलेल्या गोल दगडी कांबीचा तुकडा दिसतो आणि ते आकडे बहुधा विहिरीचा क्रमांक आणि खोली. आज रात्रीच ते वहीत उतरवून घ्या आणि फोटो काढा, कारण आकडे पुसले तर उरेल तो नुसता दगड. साबणाने धुऊ नका, वार्निश लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. प्लास्टिकमधली रसायनं दगडात उतरतात आणि यंत्रावर तेलाच्या शेजारी उभी राहतात. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवा.

तुकडा विहीर खोदणाऱ्या कंपनीकडून आलेला, तेव्हा आधी तिला पत्र लिहा. त्यांना नको असेल तर लेखी होकार घेऊन विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात द्या. वास गेला म्हणजे हलके घटक उडाले, बाहेरच्या तेलाची तपासणी आता अर्धवट होईल. पण क्वार्ट्झच्या आत कोंडलेले थेंब इतक्या वर्षांत कुठेही गेलेले नाहीत. कोणीतरी चकती कापून अतिनील दिव्याखाली धरली, तर ते अजून मोजता येतील.